फिशटँकमधली उत्तरवाहिनी

"काशीत गंगा उत्तरेला वाहते, तेव्हा आपल्या फिशटँकमध्येही पाणी उत्तरेलाच वाहील," असं तिथल्याच दूधविनायक मोहल्ल्यातल्या बिंदुमाधवरावांनी जाहीर केलं आणि फिल्टरची तोटी उत्तरेला वळवली. समोरच त्यांनी हौसेने लावलेली पाणरोपं होती. त्यातली निम्मी उपटून तरंगू लागली. मासे पुरात अडकलेल्या यात्रेकरूंसारखे कोपऱ्यात दाटले.

रावांचा चेहरा पडला. पण धर्म सोडवेना.

"अहो, तोटी दक्षिणेच्या काचेकडे करा," त्यांच्या बायकोने, प्रेमलाने सुचवलं. "पाणी काचेवर आपटून हळूहळू परत येईल. उत्तरेलाच."

रावांनी तोटी फिरवली. उरलेली रोपं डोलू लागली, मासे बाहेर आले, रावांनी सोवळ्यातच गिरकी घेऊन जयघोष केला.

"झालं दर्शन?" प्रेमला म्हणाली. "आता जरा प्लग काढा. मला मिक्सर लावायचाय."