हलका हात

तोंडात धरलेली पिन काढून धाकटीने आईच्या कानामागे खोचली आणि ओल्या केसांची पुढची बट कंगव्याने डोक्याभोवती फेटा बांधावा तशी चापून फिरवली.

"टोकाकडून सोडव आधी," आई म्हणाली. "मुळापासून ओढलेस तर तुटतील. नवीन आहेस का गं?"

"हो," धाकटी म्हणाली. आईला पोटची पोर गेले काही महिने रोज नवीनच होती.

"मग सांभाळून. मालक कधीही टपकतात. परवाच एकीला उभ्या उभ्या काढलं."

आईचा सगळा जन्म एका पार्लरात दुसऱ्यांची डोकी सारखी करण्यात गेला. स्वतःचे कुरळे केसही औषध लावून सरळ केलेले. आता मुळाशी कुरळं उगवून आलं, की आरशात बघून विचारायची, "ही कोण बाई?" आणि रडायची. केस सुकवायचं यंत्र लावलं, तर त्याच्या घरघरीने किंचाळायची. मागच्या वेळी शेजारीण धावत आली होती, आणि नेमका तेव्हाच दादा दारात उभा.

दादा म्हणजे वर्षातून दोनदा उगवणार आणि दोन्ही वेळा अक्कल शिकवणार. आईचे पिंजारलेले केस बघून त्याने तिथेच सुनावलं होतं, "पुढच्या वेळी अशी दिसली तर मी तिला वृद्धाश्रमात ठेवणार. तुला झेपत नाहीये, चिमे." झेपत नाहीये! याने एकदा तरी आईची नखं कापली होती?

आज तो येणार होता. म्हणून सकाळपासून हा उपद्व्याप. केस जुन्या सुती कपड्याने टिपायचे, डोक्याभोवती गुंडाळायचे, पिना लावायच्या, वरून गुळगुळीत रुमाल बांधायचा आणि पंख्याखाली बसायचं. वाळल्यावर सोडले की सरळ पडतात. आधी सोडले की सगळं मुसळ केरात.

रुमाल बांधून झाला. धाकटी दर थोड्या वेळाने त्याखाली बोट घालून बघत होती. ओलंच. खाली गाडीचं दार वाजलं की खिडकीतून डोकावत होती.

"सारखा हात लावू नकोस," आई खेकसली. "भाकरी आहे का ती, उलटून बघायला?"

बेल वाजली.

रुमाल बांधलेली, पिना टोचलेली म्हातारी पाहून दादा काय म्हणेल ते धाकटीला तोंडपाठ होतं. तिने रुमाल ओढला, भराभर पिना काढल्या, त्या फरशीवर सांडल्या. डावी बाजू सरळ खाली आली. उजवी ओलीच होती. बघता बघता आखडून कानाच्या वर चढली. मग तिने दार उघडलं.

दादा आत आला आणि आईकडे बघत राहिला. बूटही काढले नाहीत.

"हे काय आहे, चिमे?"

"वाळले नव्हते रे. तू बेल..."

"मी सांगितलं होतं तुला. आता बास. बॅग भर तिची."

धाकटीने कंगवा घट्ट धरला.

आईने उजव्या बाजूला हात नेला. ओल्या कुरळ्या केसांतून बोटं फिरवली आणि समजून मान हलवली. मग खुर्चीचे हात धरून ती उठली आणि दादासमोर, पदर सावरून, खाली बघत उभी राहिली.

"मालक," ती म्हणाली, "नवीन आहे ती. घाई करते. ही बाजू तिने बिघडवली, खरंय."

दादा एक पाऊल मागे सरला.

"पण काढू नका तिला. इतक्या जणींनी माझ्या डोक्याला हात लावला, कुणाचा हात असा हलका नव्हता. मी शिकवते ना तिला. गिऱ्हाइकाला थोडं बसवून ठेवू."

पंखा फिरत होता. आई खाली मान घालून उत्तराची वाट बघत होती.

दादा खाली वाकला. बराच वेळ तो नुसता बुटांच्या नाड्यांशी खटपट करत राहिला. मग फरशीवरची एकेक पिन वेचून त्याने तळहातावर घेतली आणि धाकटीकडे न बघताच विचारलं,

"ही बाजू परत ओली करावी लागेल का?"