कोयत्यापुढचं प्रश्नचिन्ह

तांबड्या पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह जरा जास्तच गिरवलं गेलं होतं — 'कोयता?' — आणि पुढे अश्विनीच्याच सुबक अक्षरात, 'हिंसक विचार. रागावर ताबा शिकवणे.' तिने शाळेतल्या समुपदेशनाच्या वहीवर पंजा ठेवला, पण उपयोग नव्हता, सकाळपासून ते शब्द पाठच झाले होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस. नववीतलं एक बाक रिकामं दिसलं म्हणून तिने सहज विचारलं, तर शिपाई मनकर्णाबाई केर काढता काढता म्हणाल्या, "निकिता व्हय? तिचं लगीन झालं की दिवाळीच्या आदी. गेली नवऱ्यासंगं ऊस तोडाय."

"लग्न? पंधरा वर्षांची आहे ती!"

"कोयता जुळवाय लगीन लावत्यात, मॅडम. नवरा-बायकू मिळून एक कोयता. एकटा गडी म्हंजी अर्धा, त्याला टोळीत कोन घेतंय?" मग केरसुणी थांबवून, "तुमाला ठावं न्हवतं?"

नव्हतं. नगरहून रोज एसटीने पाथर्डीला येते मी, दीड वर्ष झालं... खिडकीतून माणसांनी भरलेले ट्रक जाताना पाहिलेत, आणि कधी कुणाला एक शब्द विचारला नाही. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मात्र चौकट करून भिंतीवर लावलंय.

दसऱ्यानंतर निकिता टेबलासमोरच्या याच खुर्चीत बसली होती. "मॅडम, घरी माजा कोयता जुळवलाय." आणि अश्विनीच्या डोळ्यांपुढे आली ती पेपरातली, कोयते नाचवत फिरणारी टोळकी. कुणावर राग आहे का बाळा? — केवढ्या मायेने विचारलं होतं! पोरगी गोंधळली. मग तिने तेच पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, कमी ऐकू येणाऱ्या म्हातारीला सांगावं तसं... आणि मी म्हटलं, राग आला की दहापर्यंत मोजायचं. मोज बरं माझ्यासमोर. तिने मोजलं. "व्हय मॅडम" म्हणाली. दारात जरा थांबलीसुद्धा. आणि मी एसटीत खुशीत होते, पोर मोकळी झाली म्हणून — सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या खुशीची.

तिने बालकांच्या मदत क्रमांकावर फोन लावला. नाव, वय, गाव सांगून झालं.

"तुम्हाला हे कधी कळलं?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"आज." खोटं कुठे होतं त्यात? कळलं आजच. वहीतली तारीख मात्र दसऱ्यानंतरची, लग्नाच्या आधीची... अंगठा पानाच्या कडेशी गेला. एकच तर पान फाडायचं.

"मुलीने आधी कुणाला सांगितलं होतं का?"

अश्विनीने तोंड उघडलं. डोक्यात कुणीतरी सावकाश, आज्ञाधारकपणे मोजत होतं — सहा... सात... आठ — निकिताच्या आवाजात.

"हॅलो? मॅडम, ऐकू येतंय ना?"