ताटातला पहिला मान

मी मिठाची बरणी बोलतेय. हसू नका! दिसायला मी काही खास नाही. खाली पांढरी, वर तपकिरी, काठाचा एक टवका उडालेला. पण ताट वाढताना पहिला मान माझा. आधी डावीकडे चिमूटभर मीठ, मग बाकीची मंडळी.

मनुबाईनं मला औंधच्या यमाईच्या जत्रेत घेतलं, तेव्हा ती नवी नवरी होती. विकणारा सांगत होता, लोणच्याला चांगली आहे. हिनं मला बोटानं टणटण वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "मीठ ऱ्हाईल हिच्यात." झालं, मी तिची झाले.

तिचा नवरा सयाजी, फौजी माणूस. सुट्टीवर आला की आधी माझ्याकडे हात. कैरीला मीठ, काकडीला मीठ, ताकात मीठ, मिरचीच्या खरड्यावर वरून आणखी मीठ. "मनु, तुझ्या हाताला लय चव हाय," असं म्हणायचा तिला, आणि फुगायचे मी. पेन्शन घेऊन तो कऱ्हाडजवळच्या या गावी ऊस करायला आला, तेव्हा तर आमची दोस्ती रोजचीच झाली.

मग त्याचे पाय सुजायला लागले. चार पावलं चालला की दम लागायचा. आडवं पडवेना, म्हणून उशांना टेकून बसायचा. मुलगा धैर्यशील त्याला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचं पंपिंग कमी झालंय. मिठानं अंगात पाणी साठतं, तेव्हा मीठ अगदी कमी, पाणीही मापात.

मनुबाईनं त्याच दिवशी मला रिकामं केलं. घासून, पुसून उन्हात ठेवलं. वाटलं, संपलं माझं! पण दुसऱ्याच दिवशी तिनं माझ्यात गुलाबी पूड ओतली. उपासाचं सैंधव हो! मी हबकलेच.

सयाजीनं घास घेतला आणि चमकला. "अगं, हे खारट लागतंय."

"आवं, उपासाचं हाय. उपासाला चालतंय म्हंजे ते मीठ न्हवंच. देवाला चालतंय, मग डाक्टरला न चालायला काय झालं?"

तिच्या बोलण्यात खोट नव्हती, मायाच होती. अळणी घास त्याच्या घशाखाली उतरेना, हे तिला बघवत नव्हतं. पण मला ठाऊक होतं ना! लुगडं बदललं म्हणून बाई बदलत नाही. मला तोंड एवढं मोठं, पण बोलता येत नाही, काय करू? ती हसत चिमूट टाकायची आणि मी आतल्या आत जळायचे.

व्हायचं तेच झालं. पुन्हा सूज आली आणि एका सकाळी तो धापा टाकायला लागला. धैर्यशीलनं त्याला उचलून गाडीत घातलं. घर ओस पडलं. मी फळीवर देवाचं नाव घेत बसले.

तो परत आला, पण सुकून गेला होता. धैर्यशील आईला हळूच म्हणाला, "आई, सैंधव झालं तरी मीठच असतंय गं." मनुबाई माझ्यासमोर मटकन बसली. "माज्या हातानं चारलं की रं मी! कोण येड्यावानी असं करतं?" पदरानं डोळे पुसत राहिली. सयाजी बाजेवरून म्हणाला, "गप गं. मला मारायला घातलंस व्हय? मायेनं घातलंस."

मला तिनं माळ्यावर टाकलं. आता ती लिंबू पिळते, लसूण-जवसाची चटणी करते, कोथिंबीर सढळ हातानं घालते. पापड, लोणची शेजाऱ्यांना गेली. आणि ती स्वतःही त्याच्याबरोबर बिनमिठाचंच जेवायला लागली. उसातलं तण काढायला, भांगलणीला उन्हात राबून आली की तिच्या डोळ्यांपुढं अंधारी यायची. तरी ती तशीच भाकऱ्या थापायला बसायची.

एका दुपारी ती उंबऱ्याला धरून उभी राहिली. सयाजीनं पाहिलं. तो उठला, धैर्यशीलला हाक मारून त्यानं मला खाली उतरवून घेतलं, पुसलं आणि घरातलं साधं मीठ माझ्यात भरून घेतलं. मनुबाई ओरडली, "आवं, काय करताय? परत दवाखाना बघायचाय का?"

"माज्यासाठी न्हाई." त्यानं उभ्या जन्मात कुणाला ताट वाढलं नव्हतं. त्या दिवशी वाढलं. चिमूट घेतली आणि तिच्या ताटात डावीकडे ठेवली. "माजा आजार तू कशाला खातीस? घामात राबतीस, तुला लागतंय. खा."

मग त्यानं बोटं चाटली नाहीत. मोरीवर जाऊन हात धुतले आणि आपल्या ताटातली भाकरी मोडली. मनुबाईनं पदरानं डोळे पुसले आणि मिठाला लावून घास घेतला.

आता मी पुन्हा खालच्या फळीवर असते. तुम्हाला एवढंच सांगणं, कुणाच्या ताटात मी बरी आणि कुणाच्या नाही, हे डॉक्टरांना नीट विचारा. मनानं ठरवू नका. आणि माझी काळजी करू नका. रोज दुपारी सयाजी झाकण उघडतो, तिच्यापुरती चिमूट घेतो आणि मला बंद करून म्हणतो, "मनु, ये जेवायला." पहिला मान अजून माझाच आहे.