बाबांच्या शनिवारची फाइल

"मोडलं तर मोडलं. किती दिवस त्या डब्यासमोर बसणार आहेस? डोळे गेले की माझी ही पानं कोण निवडणार?"

आई माझ्या पाठीमागे कोंतोमिरेची भाजी निवडत पुटपुटत होती. डबा म्हणजे माझा कम्प्युटर.

"आई, दादाला तो व्हिडिओ बघायचाय."

"त्याला फोटो पाठवलेत की."

"फोटोत बाबा हलत नाहीत."

"शवपेटीतही हलत नव्हते," आई म्हणाली, आणि देठ जरा जोरातच मोडले.

बाबांना आम्ही दोन महिने शवागारात ठेवलं होतं. माझा थोरला भाऊ दापा हॅम्बुर्गहून येईल, मग पुरायचं, असं ठरलं होतं. तो आला नाही. आमच्या अख्ख्या एजिसू गावात कुणी कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागलं असतं. घरात आम्ही 'विमानाचा घोळ' म्हणायचो. दादा तिकडे गेल्यापासून तो घोळ काही मिटलेला नाही.

त्याने एकच मागितलं होतं: बाबांना पुरलं त्या शनिवारचा व्हिडिओ. "अजेइवा, बाबांना मातीत जाताना मला एकदा बघू दे."

कॅमेरावाल्या बोन्सूच्या कार्डावरून मी फाइल उतरवत असताना लाइट गेली. लाइट आली तेव्हा फाइलचं नाव जागेवर होतं, म्हणून अख्खी फाइल आली असं धरून कार्ड परत केलं. बोन्सूने ते पुसून कुणाच्या तरी लग्नाला नेलं. आता फाइल उघडली की नुसता काळा पडदा. दुसऱ्या प्लेअरमध्येही तेच. मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रतीवर सगळे प्रयोग केले. शेवटी कुठेतरी वाचलं, की त्याच कॅमेऱ्याची एक धड फाइल शेजारी ठेवली, तर दुरुस्तीचा प्रोग्राम तिच्यावरून मोडक्या फाइलची रचना ओळखतो.

बोन्सूला फोन केला. "तेच लग्न देतो की, ताई," तो म्हणाला. "नवरी रडतेय त्यात. तुमच्या व्हिडिओला शोभेल."

त्या रडणाऱ्या नवरीच्या जोरावर बाबांची फाइल उघडली. पूर्ण नाही, जेवढी उतरली होती तेवढीच. मी लगेच दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पडद्यासमोर धरला.

"अगं, तुकड्याचं काय दाखवतेस?" आई उठलीच. "राहू दे. जेवायची वेळ झाली."

"आई, बघू दे ना गं," फोनमधून दादा म्हणाला.

आई भाजीची परात घेऊन दारातच उभी राहिली.

मांडव दिसला. दुखवट्याच्या काळ्या-लाल कपड्यांतल्या आत्या दिसल्या, एकमेकींच्या डोक्याचं कापड सारखं करणाऱ्या. मग बाबा. पांढऱ्या चादरीवर, अंगावर केंटेचं रंगीत, मानाचं वस्त्र, चेहऱ्यावर कुणाचं तरी ऐकून घेत असल्याचा भाव.

"घड्याळ कुणी घातलं?" दादाने विचारलं.

"काकांनी. तूच पाठवलेलं आहे."

"उजव्या हातात घातलंय. बाबा डाव्यात घालायचे." मग फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला.

आई म्हणाली, "बंद कर आता."

तेवढ्यात मांडवातला माइकवाला ओरडला, "थोरले चिरंजीव दापा विमानतळावरून निघालेत! वाटेत आहेत! त्यांची खुर्ची कुणी घेऊ नका!"

बोन्सूचा कॅमेरा वळला. पहिल्या रांगेत, काकांच्या शेजारी, काळं कापड घातलेली रिकामी खुर्ची. ती क्षणभर दिसली, मग चित्राचे हिरवे चौकोन झाले आणि पडदा थांबला. पुढे काही नव्हतंच. खड्डा नाही, दोर नाही, माती नाही. दादाला जे बघायचं होतं ते सगळं त्या न उतरलेल्या अर्ध्यात होतं.

"मी वाटेत होतो?" दादाने विचारलं.

"अरे, तो विमानाचा घोळ…" मी सुरू केलं.

आईने परात जमिनीवर ठेवली. ओल्या हातांनी माझ्याकडून फोन घेतला आणि तोंडासमोर धरला, इतका जवळ, की दादाला नुसतं कपाळ दिसत असणार.

"माइकवाल्याला ते मी सांगायला लावलं, बाळा. तू वाटेत नव्हतास. तुझ्याकडे तिथे राहायचे कागद नाहीत. इथे आलास तर तुला परत जाता येणार नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे."