लिफ्टला घाबरणारं पिल्लू

रुमिनी माझ्यासारखीच घरकामाला, माझ्या शेजारच्याच इमारतीत. ती सिंगापूरला आली तेव्हा तिची लेक किनांती मांडीवरची होती. आता लेक गावी, इंडोनेशियात पोनोरोगोला, आजीपाशी राहून शाळेत जाते आणि आईच्या फोनवर ‘हं’ नि ‘नाही’ एवढंच बोलते. तिला बोलतं करायचं म्हणून रुमिनीने गोष्टी लिहायचं मनावर घेतलं.

पहिली गोष्ट तिने मला रविवारी बागेत वाचून दाखवली. आजीला अजिबात त्रास न देणारं शहाणं कोकरू.

“ही गोष्ट आहे की दमदाटी?” मी म्हटलं.

“मग तूच लिही की, लास्त्री!”

मला लिहिता येत नाही, नावं ठेवता येतात.

मग ती इंटरनेटवर शिकवणारे शोधू लागली. निम्मे जण दोन गोड शब्द बोलून फी मागायचे. त्यांच्या नावाने मी बोटं मोडली. शेवटी आमच्या देशातल्याच, मलांग शहराच्या एक निवृत्त शिक्षिका सापडल्या, फुकट आणि खरंच कामाचं सांगणाऱ्या. उपदेश गाळा, म्हणायच्या. मोठ्याने वाचून बघा. आणि लिहिण्याआधी एखादं जवळचं मूल डोळ्यांसमोर आणा. ते कशाला घाबरतं, काय लपवून ठेवतं, कशाने खुदकन हसतं?

त्यानंतर रुमिनीने एका बैठकीत नवी गोष्ट लिहिली. तिच्यातलं बदकाचं पिल्लू लिफ्टला घाबरायचं, ब्रेडच्या कडा सोफ्याखाली लपवायचं आणि कुणी शिंकलं की हसून गडाबडा लोळायचं. ऐकताना मला टेम्पे खाता खाता ठसका लागला.

पुढच्या रविवारी किनांतीचा वाढदिवस होता. रुमिनी ओठांना लाली लावून आली. बागेतल्या चटईवर बसूनच तिने व्हिडिओ कॉल लावला आणि वाचायला लागली. शिंकेपाशी पोरगी चक्क हसली. रुमिनीने माझा हात घट्ट दाबला.

“इबू, ते लिफ्टला का घाबरतं?” तिने आईला विचारलं.

“दार बंद झालं की परत उघडणारच नाही, असं वाटतं गं त्याला. मग मी त्याचा हात धरते आणि...”

रुमिनीने जीभ चावली.

“आमच्याकडे लिफ्ट नाही,” किनांती म्हणाली. “ही शिन यी आहे ना?”

शिन यी म्हणजे मालकिणीची मुलगी. लंगोटात होती तेव्हापासून रुमिनीनेच वाढवलेली. रुमिनीने लेकीलाच उलट विचारलं,

“तू कशाला घाबरतेस, बाळा?”

“आजीला माहितीये.”

मला असा संताप आला! पण काढणार कुणावर? मलांगच्या बाईंचं काय चुकलं होतं? त्या शिन यीचं तरी काय चुकलं होतं?

“तिला तू गोष्ट सांगून झोपवतेस?” किनांतीने विचारलं.

“हो.”

 पोरीने फोन उशीला टेकवला आणि आडवी झाली. “मग मलापण तशीच सांग. मी डोळे मिटते.”

रुमिनीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.  वाचता वाचता ती पडद्यावरच्या केसांवरून बोट फिरवायला लागली आणि त्या बोटानेच फोन कट झाला.

घाईघाईने परत लावला, तर आजीने उचलला.

“काय बोललीस गं तिला? माझ्या कुशीत शिरून रडतेय. ठेव आता, मी झोपवते.”