अडतीस चिठ्ठ्या

"हा खांब एवढा बुटका कसा?" ताईंनी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं.

पडद्यावर दुरुस्तीला आलेल्या शिलाई मशिनांचे दोन खांब होते. गेल्या वर्षीचा उंच, यंदाचा त्याच्या निम्माही नाही. शेजारी नव्या मशिनांच्या विक्रीची रेघ तरातरा वर चढली होती आणि तिच्या टोकाला 'शंभर टक्के वाढ' असं ठळक लिहिलं होतं.

"आकडेच सांगतायत, मॅडम," टायवाला सल्लागार म्हणाला. "दुरुस्ती बंद करून ती जागा शोरूमला द्या. दुकान कुठल्या कुठे जाईल बघा."

मॅडम म्हणणाऱ्या माणसाचा ताईंना लगेच संशय येई. तसा तो कुणाचाही येई. उसना दिलेला पेचकस परत आला की बदलून तर दिला नाही ना, हे त्या उजेडात धरून बघत. एकेचाळीस वर्षं ताई दुकानाच्या मागच्या बाकावर बसून मशिनं दुरुस्त करत होत्या. वडील गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच शिकवलं, पुढचं काउंटर त्याच्या हवाली केलं आणि बाक तेवढा स्वतःकडे ठेवला. बाकच गेला, तर सकाळी उठून कुठे जायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

ताई पडद्याला नाक लावून उभ्या राहिल्या. "खांब तीनशेपासून सुरू केलेत? शून्य कुठे गेलं?"

"जागा वाचवायला, मॅडम."

"भलतीच काटकसर! चारशेची तीनशे बेचाळीस झाली. अठ्ठावन्न कमी, म्हणजे साडेचौदा टक्के. आणि चित्रात बघावं तर अर्ध्याहून जास्त दुकान बुडालंय. विक्री किती वाढली?"

"सहावरून बारा."

"सहा मशिनं जास्त विकली आणि शंभर टक्के म्हणून मिरवताय!"

सल्लागाराने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. भाऊ मान खाली घालून बसला होता. त्याची ती मान बघून ताईंचा संशय आणखी बळावला.

"आणि तीनशे बेचाळीस तरी कुठून आणलीत?" त्या तरातरा मागे गेल्या आणि तारेत ओवलेल्या यंदाच्या चिठ्ठ्या घेऊन आल्या. मशीन आलं की ताई चिठ्ठीवर नंबर लिहीत आणि ती हाताने मधोमध फाडत. अर्धी तारेत, अर्धी गिऱ्हाइकाला. सहा महिन्यांत तक्रार निघाली, तर गिऱ्हाइकाने आपली अर्धी काउंटरवर आणून द्यायची, असा नियम.

त्यांनी टेबलावर एकेक चिठ्ठी मोजली.

"तीनशे ऐंशी. वीस कमी झाली, पाच टक्के. अडतीस मशिनं खाल्लीस तू, छोट्या! माझा बाक कुणाला विकलास ते तरी सांग."

"तुम्ही जरा बाहेर बसता का?" भाऊ सल्लागाराला म्हणाला. दार लागल्यावर त्याने काउंटरचा खालचा खण उघडला आणि रबर लावलेला एक गठ्ठा ताईंपुढे ठेवला. "खाल्ली नाहीत, वजा केली. आणि ते शून्य मीच काढायला लावलं. त्याचा दोष नाही."

गठ्ठ्यात ताईंच्याच अक्षरातल्या अर्ध्या चिठ्ठ्या होत्या. त्यांनी वरची उचलली, तारेतली त्याच नंबरची शोधली आणि दोन्ही फाटक्या कडा जुळवल्या. कुठेही फट राहिली नाही.

"टाका सुटतो म्हणून परत आली सगळी," भाऊ म्हणाला. "पलीकडच्या मिस्त्रीकडून नीट करून दिली."

"गेल्या वर्षी आठच होती ना? तू दाखवली होतीस."

"हो. यंदा माझा धीर झाला नाही."

"चारशेत आठ, दोन टक्के," ताई पुटपुटल्या. "तीनशे ऐंशीत अडतीस..." तोंडी सुटणारा हिशेब होता, पण त्या तिथेच थांबल्या. गेले कित्येक महिने सुईची एक रेघ त्यांना दोन दिसत होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

"मग खोटं चित्र कशाला दाखवलंस?"

"धंद्यासाठी बाक बंद झाला, असं वाटलं असतं तुला. तुझ्या हातांमुळे झाला, असं वाटलं नसतं."

ताईंना त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. आयुष्यभर सगळ्यांचे पेचकस तपासले, आपला हात तेवढा तपासायचा राहिला. त्यांनी पेन घेतला आणि तारेतल्या शेवटच्या चिठ्ठीच्या पाठीमागे खाली शून्य लिहिलं. त्यावर दोन खांब काढले. एक दोनचा, एक दहाचा. दुसरा पहिल्याच्या पाचपट झाला.

"असं काढायचं असतं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात काउंटरवर एक बाई मशीन घेऊन आली. "ताई आहेत ना? त्यांच्याच हातून हवंय."

"आहेत की," ताईच म्हणाल्या. त्यांनी सवयीने मशिनाचं चाक एकदा फिरवून पाहिलं, चिठ्ठीवर नंबर लिहिला आणि ती मधोमध फाडली. एक अर्धी बाईला दिली. दुसरी तारेपर्यंत नेली, तिथे क्षणभर हातात धरली आणि मग वळून भावाच्या तळहातावर ठेवली.

"मिस्त्रीला सांग," त्या म्हणाल्या, "पट्टा सैल आहे, तोही बघ म्हणावं."