ग्राहकाबद्दल चार शब्द

‘व्यायाम चांगला घेतात. पण त्या घरात असताना वस्तूंवर लक्ष ठेवा. आमची अंगठी त्याच दिवसांत गेली.’

घरोघरी जाऊन पेशंटांचे व्यायाम घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टने ॲपवर हा अभिप्राय वाचला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. खाली नाव नव्हतं, पण अंगठी हरवल्याचा बोभाटा एकाच घरात झाला होता. लिहिणारी होती मास्तरांची सून. मास्तर म्हणजे तिचे पेशंट. त्यांनी अख्ख्या गावाला पोहायला शिकवलं होतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना उठतं-बसतं केलं, भिंतीला धरून चालवलं, ते हिने. मास्तर तिला ‘पोरी’ म्हणत, व्यायाम दुखला की शिव्या घालत आणि मग स्वतःच हसत. सून मात्र दारात उभी राहून हिच्या पिशवीकडे बघत असे.

मग जुन्या पेशंटांचे फोन यायला लागले. ‘सध्या राहू दे, नंतर कळवतो.’ कारण कुणी सांगेना.

‘केस ठोक तिच्यावर,’ थोरली बहीण म्हणाली.

वकीलबाईंनी अभिप्राय नीट वाचला. ‘चोर असं कुठं म्हटलेलं नाही. लढता येईल, पण सोपं नाही. तोवर तुम्ही काही लिहू नका.’

पण त्या ॲपवर सेवा देणाऱ्यालाही ग्राहकाबद्दल लिहायची सोय होती. घरी येऊन तिने लिहिलंच. ‘या घरी जाऊ नका. सून सासऱ्याला ओल्या कपड्यांत ठेवून फोनवर बोलत बसते. म्हाताऱ्याला लघवी आवरत नाही, डायपर लागतो, लहान मुलासारखा रडतो. खोलीत पाय ठेववत नाही.’ खाली ग्राहकाचं नाव ॲपने आपणहून छापलं. खातं मास्तरांच्या नावावर होतं, हे रागाच्या भरात तिच्या लक्षातच आलं नाही.

‘नाकच ठेचलंस!’ बहीण म्हणाली.

खरंच गार वाटलं तिला. तो मजकूर या फोनवरून त्या फोनवर गेला. सुनेच्या ऑफिसात पोचला. सुनेला म्हणे दुपारी डबा एकटीने खावा लागतो, हे कुणीतरी सांगितलं तेव्हा ही त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

वकिलाची नोटीस आली ती तिने हसत फोडली. रड म्हणावं आता! पण शेवटच्या पानावर सही मास्तरांची होती. डाव्या हाताने काढलेली, वाकडी.

‘यातला शब्द न् शब्द खरा आहे,’ ती वकीलबाईंना म्हणाली.

‘असेल. नुसता बदनामीचा दावा असता तर खरेपणावर लढलो असतो. पण ही पेशंटची खासगी माहिती आहे, तुम्हाला उपचार करताना कळलेली. ती खरी असली तरी चव्हाट्यावर मांडता येत नाही. शिवाय तुमच्या कौन्सिलकडे तक्रार गेली तर परवान्यावर गदा येईल.’

‘आणि ॲपवाले? लिहायची सोय त्यांनीच दिली ना?’

‘ते हात झटकणार. जबाबदारी लिहिणाऱ्याची, हे तुम्ही नोंदणी करताना मान्य केलंय.’

मास्तर तडजोडीला तयार झाले, एका अटीवर. मजकूर काढायचा आणि त्यांच्या घरी येऊन, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांसमोर माफी वाचायची.

ती गेली. दिवाणखान्यात दहा-बारा माणसं बसली होती, कुणी टक्कल पडलेली, कुणी पोट सुटलेली. मधल्या खुर्चीत मास्तर होते, इस्त्रीच्या शर्टात. तिने कागद उघडला. मास्तरांच्या सांगण्यावरून त्यात तिचे मूळ शब्द जसेच्या तसे घातले होते. ‘मास्तरांच्या आजाराविषयी मी जे लिहिलं...’ ऐकणाऱ्यांपैकी एकानेही वर पाहिलं नाही. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते.

वाचून झालं.

‘पुन्हा वाचा,’ मास्तर म्हणाले. ‘जरा मोठ्यानं. मागच्यांना ऐकू आलं नसेल.’

‘पोरी’ गेलं होतं, ‘वाचा’ आलं होतं. तिने पुन्हा वाचलं. ‘लघवी’ या शब्दाशी आवाज चिरकला, तरी मास्तरांनी थांबवलं नाही.

मंडळी उठून गेल्यावर ती खुर्चीजवळ वाकली. ‘मास्तर, मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं. तिला दुखवायचं होतं.’

‘माहीत आहे. मला मध्ये धरून मारलंत तिला.’

‘आणि तिनं तुम्हाला ओल्या कपड्यांत ठेवलं, त्याचं काय? तिला नाही वाचायला लावलंत!’

मास्तरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत सून भांडी वाजवत होती. ते आवाज उतरवून म्हणाले, ‘तिच्या हातचं मला रोज जेवायचंय. तुमच्यावाचून माझं काही अडत नाही. या आता.’

ती आता एका हॉस्पिटलात काम करते. ॲप काढून टाकलं. मास्तरांबद्दल बोलताना तिची मान खाली जाते. सुनेचा विषय निघाला की मात्र अजून दातावर दात बसतात, आणि ती ते लपवतही नाही.